खुंट्यांमधली जागा

त्या वर्षी गावातलं सगळं लाकूड आकसलं. पाऊस दोन वर्षं हुलकावणी देत होता. दारं चौकटीत खडखडू लागली, खाटांचे पाय डुगडुगू लागले. एका घरातला पाळणा हलवताना आपसूक सुटला आणि मूल झोळीसकट आईच्या मांडीवर आलं. लोक येता-जाता आमच्या दाराशी थांबत आणि ह्यांना हाक मारत, "मिस्त्री, पाचर द्या हो एखादी." हे पाचरा तासून देत. ह्यांच्याकडे तेवढंच काम उरलं होतं. पाचरा, कुऱ्हाडीचे दांडे, खाटेचे पाय. सुताराच्या घरातली ही कामं म्हणजे मेजवानीनंतरचं खरकटं.

आमच्या घरात मात्र एक लाकूड आकसत नव्हतं. तो मामंजींचा बाक.

मामंजी म्हणजे माझे सासरे. मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मी येऊनही आता पाच झाली. मला ठाऊक होता तो त्यांचा बाक. पुढच्या खोलीत भिंतीला धरून बसवलेला, साडेसात हात लांब, वीतभर जाड, एकसंध. माणसाच्या हातांनी इतका घासलेला की त्याच्या कडा ओठांसारख्या मऊ झालेल्या. फळी धरायला एका टोकाला लाकडी शिकंजा, आणि बाकभर दोन ओळींत चौदा भोकं. जशी फळी असेल तशा त्या भोकांत खुंट्या ठोकायच्या, फळी त्यांना टेकवायची, शिकंजा आवळायचा. मग दोन माणसांनी ओढली तरी फळी हलत नाही.

सगळ्या सुतारांच्या बाकाला तो शिकंजा उजव्या टोकाला असतो. मामंजी डावखुरे होते, म्हणून आमच्या बाकाचा डाव्या टोकाला होता.

त्या बाकावर नऊ वर्षं कोणी काम केलं नव्हतं. मामंजी गेले त्या दिवशी ज्या पाच खुंट्या ज्या भोकांत होत्या, त्या तिथेच होत्या. शिकंजा जितका उघडा, तितकाच उघडा. मधे एका लांब फळीएवढी रिकामी जागा. सासूबाई कोणाला तिथे साधी काडेपेटी ठेवू देत नसत. घरात पाय ठेवला त्या सकाळीच त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं होतं. "सूनबाई, रोज सकाळी बाक पुसायचा. आणि खुंट्या हलवायच्या नाहीत. ते सांगून गेलेत."

तेव्हापासून मी नेम धरला. बाक पुसून, देवापुढे हात जोडून मगच तोंडात पाणी घालायचं. नेमामागचं कारण मी कधी विचारलं नाही. नेमाला कारण विचारलं की त्याचा व्यवहार होतो असं माझी आई म्हणायची.

हे जमिनीवर बसून काम करत. फळी पायांच्या अंगठ्यांत धरायची आणि रंधा ओढायचा. लहान कामाला चालतं ते. पण ह्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती, आणि डाव्या पायाच्या तळव्यावर पटाशीची एक जुनी खूण होती, हसऱ्या तोंडासारखी. घरात असा राजासारखा बाक, आणि त्याच्या पायाशी बसून हा माणूस अंगठ्यांनी लाकूड धरतो. सुरुवातीला मला वाटे, आईचा मान ठेवतात. पण ते बाकाकडे पाठ करून बसत. पाच वर्षांत एकदाही तोंड करून बसले नाहीत.

चैत्र सरत असताना मला पहिल्यांदा जाणवलं. पुसून झालं तरी फडकं दमट लागत होतं. मी म्हटलं, माझ्याच हाताचा घाम. दुसऱ्या दिवशी पिळून पाहिलं तर दोन थेंब पडले.

त्याच आठवड्यात तळ्याचा राखणदार आला. तळं गावाच्या वरच्या अंगाला. त्याच्या बांधातल्या मोरीला लाकडी दार आहे. खाचांमध्ये एकावर एक आडव्या फळ्या सरकवलेलं. ते दार उघडायचं-मिटायचं काम राखणदाराचं. किडकिडीत माणूस, बोलायला लागला की पाणी सोडल्यासारखा.

"काय मिस्त्री, पाचरांचा कारखाना जोरात आहे म्हणे," तो उंबऱ्यावर टेकत म्हणाला. "वहिनी, पाणी द्या थोडं. तळ्याचा राखणदार दारोदार पाणी मागतोय, हसू नका."

मी पाणी दिलं. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि आवाज उतरवला. "मोरीचं दार पार वाळून गेलंय. फटींतून पलीकडची म्हैस दिसते. पाऊस यायच्या आत नवं पाहिजे. खालच्या गावचा सुतार लेकाकडे निघून गेला. गावानं म्हटलं, यांना विचारा."

ह्यांचा रंधा थांबला. नऊ वर्षांत गावाचं काम ह्या घरात आलं नव्हतं. मामंजींनी केलेलं दार पहिल्याच पाण्याला फुटलं, खालची दोन घरं आणि उभी शेतं वाहून गेली, आणि दार बघायला धावलेले मामंजीही गेले. ते सापडले नाहीत. तेव्हापासून आमच्या घराला लोक फुटक्या दाराचं घर म्हणत. मुलंसुद्धा पत्ता सांगताना तेच म्हणत, त्यात वाईटपणा नसे. म्हणूनच ते जास्त लागे.

"गाव म्हणालं?" ह्यांनी विचारलं.

"अडला नारायण, मिस्त्री. माहीत आहे तुम्हाला पुढचं." तो हसला. मग हसू पुसून म्हणाला, "फळ्या सहा हातांच्या. कडा अशा जुळल्या पाहिजेत की दोन फळ्यांमधून केस जायला नको. मी दोरी लावून बघणार. वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या घरचं काम म्हणजे मला बघावंच लागणार."

"बघा की," हे म्हणाले.

तो गेल्यावर हे सासूबाईंपुढे जाऊन उभे राहिले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आई, सहा हाती फळी पायांत धरता येत नाही."

"मग?"

"बाक लागेल."

"त्यावर त्यांचं काम लागलेलं आहे." त्यांनी एक खडा बोटानं उडवला. "जेवता जेवता उठले. मला म्हणाले, खुंट्या हलवू नकोस, आलोच, तीच फळी परत इथे लावायची आहे. मी हो म्हटलं. आता कुठल्या तोंडाने हलवू?"

"आई, नऊ वर्षं झाली."

"मोजतोस कशाला? मी मोजते का?"

मला नवल वाटलं. कोणीही मुलगा म्हणाला असता, ते आता येणार नाहीत. हे म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाक पुसायला गेले आणि माझा हात थबकला. ज्या नऊ भोकांत खुंट्या नव्हत्या, ती सगळी पाण्यानं भरली होती. काठोकाठ. पाणी गढूळ, आणि अजिबात हलत नव्हतं. मी बाकाखाली वाकून पाहिलं. भोकं आरपार होती, त्यांतून एरवी पलीकडचा उजेड दिसतो. थेंबही खाली गळत नव्हता. मी एका भोकात बोट घातलं. पाणी गार होतं, खोल पाण्यासारखं. बोट वर काढलं तर नखात काळा गाळ.

बाक पुसून होईपर्यंत मी कोणाशी बोलत नसे, पण त्या दिवशी ह्यांना हाक मारली. हे आले, वास घेतला, आणि दोन पावलं मागे सरले.

"तळ्याचा वास आहे," मी म्हटलं.

"पूस," हे म्हणाले. "आईला सांगू नकोस."

मी फडकं घातलं. भोकातलं पाणी फडक्यात आलं, आणि भोक पुन्हा हळूहळू भरलं. मी देवाचं नाव घेत नऊच्या नऊ पुसली, तीन वेळा. मग थांबले. आपल्या हाताला जे आवरत नाही ते देवाकडे सोडावं.

हे जमिनीवरच भिडले. सहा हाती फळीच्या एका टोकाशी मला बसवलं, दुसऱ्या टोकाला भिंत. मी दोन्ही पायांनी फळी रेटून धरायची, हे रंधा मारायचे. उन्हानं पत्रा तापलेला, ढलप्या माझ्या मांडीवर साठायच्या. रंधा जोरात आला की फळी माझ्या टाचांवर आदळायची. चौथ्या दिवशी फळी सटकली आणि ह्यांच्या नडगीची साल निघाली. रक्त पुसून हे परत बसले. आमच्या मागे बाक ओला होत होता. आता तो रंगानंही गडद झाला होता, पावसात भिजल्यासारखा. पाचही खुंट्या फुगून अशा घट्ट बसल्या होत्या की हलवायच्या म्हटल्या तरी कोणाच्यानं हलल्या नसत्या.

सासूबाईंना ते दिसलं नसेल असं नाही. त्या एकदा येऊन बाकावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. मग ओला तळवा पदराला पुसला आणि मला म्हणाल्या, "पूर्वी काम संपलं की ते बाकावर दोनदा वाजवायचे. डाव्या हाताच्या बोटांनी. टक टक. मी आतून पळी दोनदा वाजवायची. म्हणजे या, वाढलंय." मग त्यांनी बाकाकडे पाहिलं. "त्या दिवशी वाजवलं नाही."

सहाव्या दिवशी राखणदार दोरी घेऊन आला. दोन फळ्या एकमेकींवर उभ्या केल्या, मागे कंदील धरला. मधून उजेडाची रेघ आली. मधोमध तर बोट जाईल एवढी.

त्यानं कंदील खाली ठेवला. मग म्हणाला, "मिस्त्री, एवढा बाक आहे घरात. त्यावर काय लोणची ठेवता?" ह्यांनी मान वर केली नाही. "अजून आठ दिवस देतो. नाहीतर मी गावाला काय सांगू? फुटक्या दाराच्या घरी परत फुटकंच?"

त्याच दिवसांत तळ्याचा तळ उघडा पडला. लोक गाळ काढायला उतरले, कारण तळं रिकामं असताना खोल केलं तर पुढे फायदा. तिसऱ्या दिवशी भर दुपारी चार माणसं आमच्या दाराशी आली. खांद्यावर एक काळी लांब फळी. राखणदार पुढे.

"मोरीपासून दहा पावलांवर, आतल्या अंगाला होती," तो म्हणाला. "गाळात उभी. कोणी धरून ठेवल्यासारखी सरळ. चौघांना निघेना. जुन्या दाराचीच आहे. हिला दोरी बांधलेली होती, ती तशीच आणलीय."

हे दारात आडवे झाले. "इथे नको. बाहेर टाका. जाळून टाकतो मी."

"अहो, लाकूड शाबूत आहे. गाळात कुजत नाही."

"नको म्हटलं ना."

मागून सासूबाई आल्या. त्यांनी दोरीची गाठ बोटांत धरली. सगळे गाठीला पीळ उजवीकडे देतात, ही डावीकडे दिलेली होती. त्यांनी ती गाठ दोनदा चाचपली.

"बाजूला हो," त्या ह्यांना म्हणाल्या. आणि त्या चौघांना, "आत आणा. कडेवर उभी ठेवा, खुंट्यांच्या मधे."

फळी बाकावर ठेवली. उजव्या टोकाला दोन खुंट्या, मागे आधाराला तीन. फळी त्यांच्यामधे अशी उतरली जशी म्यानात सुरी. डाव्या टोकावर शिकंज्याच्या दातांचे जुने वण होते. दात बरोब्बर त्या वणांवर आले. नऊ वर्षांत न फिरलेला शिकंज्याचा दांडा सासूबाईंनी एका हातानं फिरवला, आणि तो तेल दिल्यासारखा फिरला. शिकंजा मिटला. सगळ्या भोकांतलं पाणी एकदम हललं.

माणसं बाहेर गेली. राखणदार तेवढा उंबऱ्यात राहिला.

सासूबाईंनी ओल्या फडक्यानं फळीची वरची कड पुसली. मग डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवू लागल्या. रंधा जिथे थांबतो तिथे लाकडावर एक बारीक पायरी राहते, डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. तीस वर्षं त्या मामंजींच्या कामाला तेल लावत आल्या होत्या. बोट डावीकडून निघालं, उजवीकडे सरकत गेलं. "हे त्यांचं," त्या पुटपुटल्या. "हेही त्यांचं." मधोमध बोट थांबलं. तिथे कड खोल गेली होती, शिरा उपटून आल्या होत्या. त्या खळग्यात भुसा आणि सरस कोंबून वरून घासलेलं होतं. सरस पाण्यानं सुटला होता. त्यापुढच्या पायऱ्या उलट्या तोंडाच्या होत्या.

"हा उजवा हात आहे," सासूबाई म्हणाल्या.

खोलीत ढलप्यांचा वास होता आणि तळ्याचा. हे भिंतीला टेकून उभे होते, मग भिंतीवरून घसरत खाली बसले.

"ते जेवत होते," हे म्हणाले. "शेवटची फळी होती. पाणी येणार होतं संध्याकाळपर्यंत. मला वाटलं, ते जेवून येईस्तोवर मी संपवतो, खूश होतील. बाक त्यांच्या डाव्या हाताचा, मी उजव्या बाजूनं सुरुवात केली. शिरेच्या उलट. मधेच फळी उसळली आणि रंधा घुसला." त्यांनी तळहात गुडघ्यांवर घासले. "मी भुसा भरला. फळी उचलली, नेऊन मोरीत वरच्या फळ्यांखाली, मधे बसवली. कोणाला कळलं नसतं."

"त्यांना कळलं," सासूबाई म्हणाल्या.

"ढलप्या. त्यांच्या ढलप्या एका बाजूला पडायच्या. माझ्या दुसऱ्या बाजूला पडल्या होत्या. मी परत आलो तेव्हा ताट अर्धं होतं आणि ते बांधाकडे धावत होते. मी हाक मारली नाही." मग म्हणाले, "लोकांनी त्यांचं नाव घेतलं. मी घेऊ दिलं."

सासूबाई बाकाला हात लावून उभ्या होत्या. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर ह्यांना मारतील. त्यांनी खळग्यातला सुटलेला भुसा बोटानं काढून टाकला. मग म्हणाल्या, "मला सांगून काय? तो उंबऱ्यात उभा आहे, त्याला सांग."

ह्यांनी राखणदाराकडे पाहिलं. "ऐकलंत ना. ते काम माझ्या बापाचं नव्हतं. माझं होतं. गावाला सांगा."

राखणदाराच्या आत्याचं घर त्या पाण्यात गेलं होतं. त्यानं दोरी गुंडाळली, खिशात घातली आणि निघून गेला. दाराचं काम राहिलं की गेलं, बोलला नाही.

"आता नीट कर ती," सासूबाई म्हणाल्या.

"कोणासाठी?"

"ते म्हणाले होते, तीच फळी परत इथे लावायची आहे. लागली. पुढचं काय असतं ते सुताराला सांगायला पाहिजे?"

हे उठले. रंधा उजव्या हातात घेतला, मग डाव्यात. डाव्या पायावर भार दिला, शिकंज्याकडून सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे. पहिल्यांदा रंधा अडखळला. मी देवाचं नाव घेतलं. दुसऱ्यांदा अडखळला. तिसऱ्यांदा एक लांब काळी ढलपी निघाली आणि फळीच्या आतलं लाकूड दिसलं, ताजं, पिवळसर. त्यानंतर हात चालत गेला. ह्यांचा डावा हात मी पाच वर्षं पाहिला आहे, त्याला धड सुई धरता येत नाही. पण उन्हं कलेपर्यंत तो असा चालला की मी ह्यांच्या मनगटाकडे बघायचंच सोडून दिलं. शेवटची ढलपी तुटेपर्यंत कड खळग्याच्या बुडापर्यंत उतरली, सपाट झाली.

हे थांबले. धापा टाकत मागे सरले. तेवढ्यात शिकंज्याचा दात सुटल्याचा आवाज झाला. मग पहिली खुंटी आपसूक भोकातून खाली पडली. टक. मग दुसरी. एकेक करून पाचही. भोकांतलं पाणी त्यांच्यामागून खाली गेलं, पण जमीन ओली झाली नाही. मी वाकून पाहिलं, भोकांतून पलीकडचा उजेड दिसत होता.

चार दिवस कोणी आलं नाही. हे तरी बाकावर फळ्या करत राहिले, खुंट्या हव्या त्या भोकांत ठोकून. पाचव्या दिवशी राखणदार आला. उंबऱ्यावर टेकला नाही.

"गाव चिडलंय," तो म्हणाला. "चिडू दे. ढग मात्र चिडायची वाट बघणार नाहीत." त्यानं दोरी काढली, फळ्या लावल्या, मागे कंदील धरला. उजेड आला नाही. तो पुढे आला, मागे गेला, परत वाकला. "ती जुनी कुठे बसवणार?"

"घासल्यानं अरुंद झालीय, उंचीला कमी भरते. पण सगळ्यात वर बसेल," हे म्हणाले.

"वर नको," सासूबाई म्हणाल्या. "मधे होती, मधेच बसू दे."

पाऊस आला तेव्हा सलग दोन दिवस पडला. तिसऱ्या दिवशी उघडीप झाली तशी गावातली निम्मी माणसं बांधावर जमली, मोरीच्या कोरड्या अंगाला. सासूबाईही आल्या. नऊ वर्षांत त्या बांध चढल्या नव्हत्या. पलीकडे पाणी छातीच्या वर चढलेलं, त्याचा भार दारावर. राखणदारानं फळीफळीवरून तळवा फिरवला आणि लोकांना दाखवला. कोरडा.

कोणी काही बोलायच्या आत आवाज आला. दाराच्या आतल्या अंगानं, पाण्याच्या बाजूनं, मधल्या फळीवर. टक टक. दोनदाच. बोटांनी वाजवावं तसं.

राखणदाराचा हात तसाच वर राहिला. कोणी म्हणालं, ओंडका लागला असेल. कोणी मान डोलावली. हे जागचे हलले नाहीत.

सासूबाई खाली उतरल्या, हातातल्या छत्रीचा दांडा उलटा धरला आणि मधल्या फळीवर दोनदा वाजवला. मग जरा वेळ कान देऊन उभ्या राहिल्या. पलीकडे नुसतं पाणी होतं.

"चला," त्या आम्हाला म्हणाल्या. "घरी ताटं वाढायची आहेत."